कोरड्या नदीत उतरायचं कसं? वाळवंटातलं रिकामं पात्र बघणं, वाचणं आणि फोटोत पकडणं

वाळवंटातली कोरडी नदी पहिल्यांदा बघितली ना की बहुतेकांचा चेहरा पडतो. हे काय, नुसती वाळू आणि गोटे, असं म्हणून दोन सेल्फी काढायचे आणि एसी लावून गाडीत जाऊन बसायचं. मी पण पहिल्या वेळी तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू. दोनेकशे फोटो काढले, परत येऊन लॅपटॉपवर बघते तर सगळे एकसारखे, खाली पिवळं, वर निळं, मधे काहीच नाही. आधी वाटलं कॅमेरा बदलायला पाहिजे, मग हळूहळू लक्षात आलं की कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता, मी बघितलंच नव्हतं काही. कोरडं पात्र रिकामं नसतं, पाणी शेवटचं आलं तेव्हा काय काय करून गेलं ते सगळं तिथं तसंच पडलेलं असतं, आणि ते वाचता यायला लागलं की फोटो आपोआप दिसायला लागतात. म्हणून या लेखात कॅमेरा बराच उशिरा येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

गंमत म्हणजे मराठीत वाळवंट हा शब्द दोन्हीला चालतो, मोठ्ठं डेझर्ट पण वाळवंट आणि नदीची वाळू पण वाळवंट, चंद्रभागेचं वाळवंट म्हणतो ते हेच. म्हणजे आपण बोलतोय ते वाळवंटातलं वाळवंट. अरबीत अशा नदीला वादी म्हणतात, स्पॅनिशमधे अरोयो, अमेरिकेच्या नैऋत्येला साधं वॉश. नाव काही असो, स्वभाव एकच, वर्षाचे बहुतेक दिवस कोरडी ठाक आणि पाणी आलं की असं येतं की विचारू नका.

१. आधी वरून बघा

निघायच्या आधी एक संध्याकाळ सॅटेलाइट मॅपवर घालवा, हे मी कितीही वेळा सांगेन. जमिनीवर उभं राहिल्यावर नदीचा आकार कळत नाही, पात्र कधी कधी अर्धा किलोमीटर रुंद असतं आणि आपण त्यात मुंगी. वरून बघितलं की लगेच कळतं प्रवाह एकच आहे का वेणीसारखा गुंफलेला आहे, अरुंद घळ कुठे लागते, वळणं कुठे आहेत, हिरवी रेघ कुठून कुठे जाते. वेणीसारखं पात्र सकाळच्या तिरक्या उन्हात उंचावरून बघायला भारी, घळ दुपारी भारी (का ते पुढे येईल), आणि वळणांवर वाचायला सगळ्यात जास्त मिळतं.

वरून बघण्याची मजा काय असते त्याचं माझं आवडतं उदाहरण नामिबियातली कुइसेब नदी. मॅपवर शोधाच. दक्षिणेला लालसर वाळूच्या टेकड्यांचा समुद्र, उत्तरेला करडं खडकाळ मैदान, आणि मधे नदी, जणू कुणी पट्टी ठेवून रेघ मारलीय. वारा टेकड्यांना उत्तरेकडे ढकलत असतो, पण पात्रात येऊन पडलेली वाळू पूर आला की धुऊन निघते, म्हणून टेकड्या पलीकडे जाऊच शकत नाहीत. पूर रोज येत नाही, बरेचदा पाणी समुद्रापर्यंत पोचत पण नाही, वाटेत वाळूच पिऊन टाकते, तरी एवढ्यावर दोन वेगळे प्रदेश वेगळे राहिलेत. तिच्या काठावर गोबाबेब नावाचं संशोधन केंद्र १९६२ पासून आहे, वाळवंटाचा अभ्यास करणारे लोक तिथं येऊन राहतात.

राजस्थानातल्या लूणी नदीचं वेगळं. अरवलीतून निघते, साधारण ४९५ किलोमीटर जाते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात जिरून जाते. नावातच मीठ आहे तिच्या. बालोत्रा गावापर्यंत पाणी गोडं, पुढे खारट. अशा नदीचं पात्र वाळलं की मिठाची पांढरी साय येते त्यावर, ती मॅपवर पण दिसते. सांगायचा मुद्दा, प्रत्येक कोरडी नदी वेगळी असते, त्यामुळे "डेझर्ट रिव्हर फोटोग्राफी टिप्स" टाइपच्या सरसकट याद्या वाचून जाऊ नका. (हा लेख सोडून, अर्थात.)

कधी जायचं? पूर येऊन गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी, माझ्या मते. गाळ ताजा असतो, भेगा नुकत्याच पडत असतात, पावलांचे ठसे कमी. सहा महिन्यांनी गेलात तर वाऱ्याने बरंच पुसलेलं असतं, तेही सुंदर असतं पण वेगळं. पावसाच्या हंगामात मात्र नाही, आणि हा हंगाम तुमच्या गावचा नव्हे तर त्या नदीच्या वरच्या भागातला बघायचा.

२. लोंढ्याचं गणित, हे वगळू नका

लोक म्हणतात वाळवंटात कसला पूर. वाळवंटात तहानेने मरायची भीती असते तशीच बुडून मरायची पण असते, आणि दुसरी भीती कुणी मनावर घेत नाही म्हणून ती जास्त वाईट. तिथल्या उघड्या खडकात आणि कडक झालेल्या मातीत पाणी लगेच मुरत नाही, अडवायला गवत नाही झाडोरा नाही, त्यामुळे वर कुठेतरी तासभर ढग फुटला की सगळं पाणी उतारावरून थेट पात्रात. आणि तुम्ही उभे असता तिथं आकाश निळंशार.

१२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेत अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमधे असंच झालं, पाऊस घळीपासून बऱ्याच अंतरावर वरच्या बाजूला झाला आणि त्या अरुंद घळीत आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. ज्या घळीचे नारिंगी भिंतींचे फोटो सगळीकडे फिरतात ना, तीच ती. त्या भिंती एवढ्या गुळगुळीत आहेत त्या अशा लोंढ्यांनीच झाल्यात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता करायचं काय. एक, हवामानाचा अंदाज तुम्ही जिथं जाणार त्या ठिकाणचा नाही तर नदीच्या वरच्या पूर्ण भागाचा बघा, मॅपवर नदी मागे मागे नेत डोंगरापर्यंत जा आणि तिथला बघा. वर पाऊस म्हणत असतील तर घळीत उतरायचं नाही, कितीही लांबून आला असाल तरी. दोन, पात्रात उतरल्यावर पहिलं काम, वर चढायची जागा बघून ठेवायची, आणि पुढे चालताना दर थोड्या वेळाने नवीन जागा बघायची. दोन्हीकडे उभ्या भिंती सुरू झाल्या आणि वर जायला वाटच नाही असं झालं की तिथं रेंगाळायचं नाही. तीन, तंबू पात्रात ठोकायचा नाही. सपाट मऊ वाळू बघून मोह होतो, मला पण होतो, तरी नाही. गाडी पण पात्रात लावायची नाही. एकदा आमच्या ड्रायव्हरने सावली आहे म्हणून गाडी थेट पात्रातल्या झाडाखाली लावली होती, पूर वगैरे काही आला नाही पण चाकं वाळूत अशी रुतली की संध्याकाळचा सगळा सोनेरी उजेड आम्ही गाडी ढकलण्यात घालवला.

चार, लोंढा यायच्या आधीच्या खुणा. लांबून मालगाडी आल्यासारखी घरघर, अचानक गार वाऱ्याची झुळूक, पाणी असेल तर ते एकदम गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येणं. यातलं एक जरी जाणवलं तरी सामान टाकून आडवं काठाकडे पळायचं आणि वर चढायचं, पात्रातून पुढे पुढे पळायचं नाही, पाण्याशी शर्यत लावून कुणी जिंकत नाही. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी माणसाला पाडू शकतं, ३० सेंटीमीटरमधे छोटी गाडी वाहून जाऊ शकते आणि ६० मधे बहुतेक गाड्या. घोट्याएवढं तर आहे असं म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्याला हे आकडे आधीच वाचून दाखवा.

३. सामान

थोडक्यात. पाणी माणशी दिवसाला किमान ४ लिटर, आणि उन्हात चालणार असाल तर त्याहून जास्त, सगळं एकाच बाटलीत नको, एक फुटली की संपलं. सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस. पायात बंद बूट, सँडल नको, दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो आणि त्यात दगडाखाली विंचू. गॉगल, पूर्ण बाह्या, टोपी मागे मानेवर येणारी. ऑफलाइन मॅप डाउनलोड केलेला, पॉवर बँक, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि कुठे चाललोय कधी येणार हे मागे कुणालातरी सांगून. रात्री थांबणार असाल तर छोटा यूव्ही टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात, बसायच्या आधी जागा तपासायला एकदम उपयोगी आणि बघायलाही कमाल.

४. आता नदी वाचा

हा लेखातला माझा आवडता भाग, त्यामुळे लांबणार. कॅमेरा बॅगेत ठेवा. पात्राच्या मधोमध उभे रहा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, पाणी कुठून कुठे गेलं? सोपा वाटतो पण सपाट पात्रात उतार डोळ्याला कळतच नाही, पाचपैकी तीन जण चुकीच्या दिशेला बोट दाखवतात.

खाली वाकून बघा. वाळूवरच्या सुरकुत्यांना दोन उतार असतात, एक लांब हलका आणि एक आखूड खडा. खडी बाजू जिकडे, पाणी तिकडे गेलं. मग गोटे बघा. चपटे गोटे नदी कौलांसारखे एकावर एक रेलून ठेवते, त्यांची सपाट बाजू पाणी जिकडून आलं तिकडे उतरती असते, कारण त्या स्थितीत प्रवाह त्यांना उचलू शकत नाही, उलट दाबून धरतो. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं, अख्खा गोट्यांचा पट्टा एका दिशेला मान टेकून झोपल्यासारखा. तिसरी खूण झुडपं. काटक्या आणि पाचोळा खोडाच्या ज्या बाजूला अडकलाय ती पाणी यायची बाजू, आणि उलट बाजूला वाळूची निमुळती शेपटी. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर झालं, नदी तुम्हाला सापडली.

दुसरा प्रश्न, पाणी किती उंच होतं? आता मान वर करा. फांद्यांमधे अडकलेला पाचोळ्याचा गठ्ठा शोधा. तो डोक्याच्या वर असेल ना, तर पोटात एकदम खड्डा पडतो, कारण आपण उभे आहोत तिथं तेवढं पाणी होतं, आणि आत्ता एक थेंब नाही. मला विचाराल तर या जागेचं सगळं सौंदर्य त्या एका गठ्ठ्यात आहे. घळीत असाल तर भिंतीतल्या खोबणींमधे बारीक गाळाचे थर दिसतील, पूर तिथं क्षणभर थबकतो आणि गाळ ठेवून जातो. शास्त्रज्ञ अशाच थरांवरून शेकडो, कधी हजारो वर्षांपूर्वीच्या पुरांची उंची काढतात, जेव्हा मोजायला कुणी नव्हतं तेव्हाच्या.

तिसरा प्रश्न, इथं शेवटी कोण होतं, पाणी का वारा? वारा पण सुरकुत्या पाडतो. त्या बुटक्या आणि लांबच लांब असतात, आणि चिमटीत वाळू घेऊन बघितलीत तर माथ्यावर जाड कण सापडतात, कारण बारीक कण वारा उडवून नेतो आणि जाड मागे राहतात. पाण्याच्या सुरकुत्यांमधे उलट खाचांत बऱ्याचदा गाळाचा पातळ थर बसलेला असतो, ओलं असताना आलेला. काही ठिकाणी दोन्ही सापडतात, पाण्याच्या मोठ्या सुरकुत्यांवर वाऱ्याची बारीक नक्षी, दोघांच्या दिशा वेगळ्या. असं सापडलं तर तिथं दगड ठेवून खूण करा, संध्याकाळी परत यायचंय (आणि जाताना दगड परत जागेवर).

मग भेगा. भेगाळलेल्या चिखलाचे फोटो तर सगळेच काढतात पण थोडं थांबून बघा. पातळ थर असेल तर तुकडे छोटे, जाड असेल तर मोठे. वरचा गाळ सगळ्यात बारीक असतो, तो आधी वाळतो आणि जास्त आकसतो, म्हणून तुकड्यांच्या कडा जुन्या कागदासारख्या वर वळतात, कधी कधी तर पूर्ण गुंडाळी होते. आणि भेगा एकमेकींना कशा भेटतात ते बघा. चिखल पहिल्यांदाच वाळत असेल तर एक भेग दुसरीला काटकोनात येऊन टेकते. तीच जागा पुन्हा पुन्हा भिजून वाळली असेल तर भेगा सरकत सरकत तीन-तीनच्या जोडीने १२० अंशांच्या जवळ येतात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होते. म्हणजे नुसत्या कोनावरून कळतं की हे डबकं नवीन आहे का जुनं! मला हे कळलं त्या दिवशी मी दोन तास गुडघ्यावर रांगत होते, सोबतचे लोक वैतागून पुढे निघून गेले.

दगडांचा रंग पण वाचा. काठाच्या वरच्या पायरीवर काळपट, तेल लावल्यासारखे चकाकणारे दगड दिसले तर ते खूप काळ हललेले नाहीत, कारण ती काळी झिलई म्हणजे लोह आणि मँगनीजचा अतिशय पातळ थर, तो चढायला हजारो वर्षं लागतात. पात्राच्या मधले दगड फिकट, घासून निघालेले. त्यामुळे काळे दगड सुरू झाले की समजायचं, पाणी इथपर्यंत फार फार काळात आलेलं नाही. खडकाळ पात्रात रांजणखळगे पण मिळतील, भोवऱ्यात अडकलेले गोटे गरागरा फिरून खडकाला गोल भोक पाडतात, तळाशी बघा, ते कामगार गोटे अजून तिथंच पडलेले असतात.

गोट्यांवरून आठवलं. २०१२ मधे मंगळावर नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला (तिथं फिरणारी यंत्रगाडी) गेल क्रेटर नावाच्या विवरात गोलसर गोटे असलेला थर सापडला, आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं की इथं एकेकाळी ओढा वाहत होता, कारण एवढे मोठे गोटे वारा वाहून नेऊ शकत नाही आणि घासून गोल व्हायला पाणीच लागतं. म्हणजे तुम्ही गुडघ्यावर बसून जे करताय तेच काम तिकडे करोडो किलोमीटर लांब एक गाडी करत होती. घरच्यांनी विचारलं की गोटे काय बघत बसलीस, तर हे उत्तर देता येतं.

५. चालायचं कसं

एक साधी गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. शक्यतो जाताना वरच्या दिशेला जा, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे. जाताना वाटेत उपनद्यांचे फाटे लागतील, त्यातला एक निवडत जाल. परत येताना खाली येता, आणि खाली येताना सगळे फाटे एकमेकांत मिळत जातात, चुकायला जागाच राहत नाही. उलट केलंत, आधी खाली गेलात, तर परतताना प्रत्येक संगमावर प्रश्न, डावीकडून आलो का उजवीकडून? आणि संध्याकाळी सगळे फाटे सारखेच दिसतात. तरीही खालीच जायचं असेल तर प्रत्येक संगमावर मागे वळून फोटो काढून ठेवा, परत येताना जसं दिसणार तसा.

पाय कुठे ठेवायचा? मऊ वाळूत चालणं म्हणजे दुप्पट मेहनत, त्यामुळे बारीक खडीचा किंवा घट्ट वाळूचा पट्टा शोधत चला. बाहेरच्या वळणाला काठ उभा कापलेला असतो, त्याच्या अगदी खाली सावलीत बसू नका आणि वर कडेला उभे राहू नका, दरड सुटी असते. पूर नुकताच गेला असेल तर वरून वाळलेला आणि आत लिबलिबीत असा चिखल मिळतो, काठीने टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका. रुतलातच तर झटके न देता मागे झुका, वजन पसरवा आणि हळूहळू एकेक पाय सोडवा.

आणि एक विनंती. काठावर काही ठिकाणी माती काळपट, खडबडीत, बारीक गोळे-गोळे असल्यासारखी दिसते, ती घाण नाही, तो शेवाळं, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांनी मिळून केलेला जिवंत थर असतो, माती धरून ठेवतो. एका बुटाने तो मोडतो आणि परत यायला वर्षानुवर्षं, कधी दशकं लागतात. पात्रातून चाला, पात्रातले ठसे पुढचा पूर पुसेल, काठावरचे पुसणार नाही.

६. खाली पाणी आहे

कोरडी म्हणतो खरं पण नदी बरेचदा फक्त वरून कोरडी असते, खाली वाळूत पाणी मुरलेलं असतं आणि हळूहळू सरकत पण असतं. म्हणून आजूबाजूला गवताची काडी नसताना पात्राच्या कडेने झाडांची रांग. त्यांची मुळं कुठपर्यंत जातात त्याला हिशोब नाही, अॅरिझोनात एका खाणीत मेस्काइट जातीच्या झाडाचं मूळ ५३ मीटर खोल सापडलं होतं. नामिबियाच्या वायव्येला होआनिब नदीच्या पात्रात हत्ती पायाने आणि सोंडेने वाळू उकरून झिरे करतात आणि ते पिऊन गेले की बाकीचे प्राणी त्याच झिऱ्यावर येतात.

तुम्हाला पात्रात उकरलेला ओला खड्डा दिसला तर लांबूनच बघा, तिथं ठाण मांडून बसलात तर ज्याचा तो खड्डा आहे तो येणारच नाही. खडकातल्या खळग्यात पाणी साचलेलं असेल तर त्यात हात-पाय धुवू नका, सनस्क्रीनचे हात तर अजिबात नको, त्यात कोळंबीसारखे बारीक जीव असू शकतात ज्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरड्या मातीत तग धरून बसलेली असतात. ठसे बघायला सकाळ उत्तम, वारा सुटायच्या आधी. रात्रभरात पात्रातून कोण कोण गेलं त्याची हजेरीच लागलेली असते, पक्षी, उंदीर, साप सरपटल्याची नागमोडी रेघ.

७. आता काढा कॅमेरा

एवढं वाचून झालंय तर आता विषय शोधावा लागणार नाही. फक्त उजेडाचा प्रश्न उरतो.

सुरकुत्या, भेगा, ठसे, हे सगळं उंचीत काही मिलिमीटर किंवा सेंटीमीटरचं आहे, ते दिसतं फक्त सावलीमुळे. त्यामुळे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा साधारण पाऊण तास, आणि सूर्य तुमच्या पाठीशी नाही तर बाजूला किंवा तिरका समोर पाहिजे. पाठीशी सूर्य घेतलात की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि फोटो सपाट, माझे पहिले दोनशे फोटो असेच मेले. भेगांचा फोटो तर जमिनीपासून वीतभर उंचीवरून घ्या, उभ्याने घेतलात तर फरशीचा फोटो वाटतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं, त्यामुळे उजळ वाळू तो मुद्दाम काळवंडून टाकतो. कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना ते बघा, मिठाची साय असेल तर जास्तच सांभाळा. लँडस्केपला अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ ते एफ ११, फोकस जवळच्या मुख्य गोष्टीच्या थोडा पलीकडे. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वाइड लेन्सवर, म्हणजे रुंद भाग पकडणाऱ्या लेन्सवर, लावलात तर आकाशात एका बाजूला गडद डाग येतो, तो नंतर निघता निघत नाही, त्यामुळे एकतर काढून ठेवा किंवा आकाश कमी घ्या.

वाइड का टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स)? सगळे वाइड घेऊन जातात. मी म्हणेन टेली पण न्या आणि काठावरच्या उंच जागेवरून वापरा, १०० ते २०० एमएमवर नदीची वळणं एकावर एक चढल्यासारखी दिसतात, वेणी खरंच वेणीसारखी दिसते. वाइड वापरताना पुढ्यात काहीतरी पाहिजे, गोट्यांचा रेललेला पट्टा, गुंडाळी झालेला चिखल, नाहीतर परत खाली पिवळं वर निळं. आणि आकार कळायला माणूस घाला चौकटीत, अगदी छोटा, लांब, फांदीतल्या त्या पाचोळ्याच्या गठ्ठ्याखाली उभा केलेला. एक वाक्य न लिहिता पूर दिसतो.

दुपारी काय करायचं? झोपा. किंवा हवामान खात्रीचं असेल तर अरुंद घळीत जा, कारण तिथं ऊन वरच्या भिंतीवर आपटून खाली समोरच्या भिंतीवर येतं आणि दगड आतून पेटल्यासारखा नारिंगी दिसतो, त्यावेळी आकाशाचा तुकडा चौकटीबाहेर ठेवायचा नाहीतर तो जळून पांढरा पडतो. उघड्या पात्रात दुपारीच अडकलात तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, पांढरी वाळू काळे दगड, कडक उन्हाला ते शोभतं.

रात्री चंद्र नसेल तर आकाशगंगा. ५०० ला लेन्सच्या एमएमने भागायचं, येईल तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं, २४ एमएम लेन्सला ५०० भागिले २४ म्हणजे साधारण २० सेकंद, त्यापुढे तारे रेघा ओढायला लागतात. अर्धा चंद्र असेल तर मला उलट जास्त आवडतं, वाळू दुधासारखी उजळते आणि नदीत पाणी आहे की काय असा क्षणभर भास होतो.

फोनवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, भेगा आणि सुरकुत्यांना फोन मस्त चालतो कारण तो जमिनीला टेकवता येतो. लेन्स पुसा आधी, मग उजळ वाळूवर टॅप करून एक्स्पोजर स्वतः खालीवर करा, रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल) असेल तर रॉ.

धुळीचं मात्र ऐका. पात्रात उभं राहून लेन्स बदलायची नाही, बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून पिशवीच्या आत. वाळूचा कण लेन्सवर बसला तर कपड्याने पुसू नका, ओरखडा पडतो, आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा). ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा पाय वीतभर उघडाच ठेवा म्हणजे त्याचं लॉक वाळूच्या वर राहतं. मी हे न केल्यामुळे एका ट्रायपॉडचा आवाज अजून खलबत्त्यासारखा येतो.

८. परत जा

निघताना काठावरची एक पक्की जागा निवडा, हलणार नाही असा मोठा खडक, जीपीएस टाकून ठेवा, आणि तिथून एकाच लेन्सने एकाच उंचीवरून फोटो घ्या. पुढच्या पुरानंतर परत तिथूनच घ्या. पात्र ओळखू येत नाही इतकं बदलतं, वाळूचा बांध होता तिथं खड्डा, मधला प्रवाह दुसऱ्या काठाला, आणि तुम्ही ज्या चिखलावर दोन तास रांगला होतात तो गायब.

ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्ज गावात टॉड नदीच्या कोरड्या पात्रात १९६२ पासून होड्यांची शर्यत भरते, होड्यांना बूड नसतं, लोक त्यात उभे राहून वाळूतून पळतात. १९९३ साली ती रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आलं होतं.